देवरियाताल : चढण दीड तासाची, सवड दोन दिवसांची

हिमालयात एकदा तरी पायी चालायचं आहे. पण आठ-दहा दिवसांची मोहीम झेपणार नाही, घरात साठी ओलांडलेले आईवडील आहेत, दहा-बारा वर्षांची मुलं आहेत. अशा कुटुंबानं पहिल्यांदा कुठे जावं, असं कोणी विचारलं की मी देवरियातालचं नाव घेतो. उत्तराखंडच्या रुद्रप्रयाग जिल्ह्यात, उखीमठच्या वरच्या अंगाला, सुमारे 2,400 मीटर उंचीवर हे लहानसं तळं आहे. चहूबाजूंनी झाडी, मध्ये गवताळ उतार, आणि समोर 7,138 मीटर उंचीचा चौखंबा. वारा पडलेला असेल तर चौखंब्याची चारही टोकं पाण्यात उतरलेली दिसतात. सारी नावाच्या गावातून वर जायला जेमतेम तीन किलोमीटर चालावं लागतं.

अंतर एवढं कमी आहे, आणि तिथेच बहुतेकांचं नियोजन फसतं. तीन किलोमीटरच आहे ना, मग पुढे चोपता नावाच्या ठिकाणी जाता जाता दोन तासांत उरकू, असं म्हणून लोक अकरा वाजता सारीत उतरतात, भर दुपारी धापा टाकत वर पोहोचतात. तोवर ढगांनी शिखरं झाकलेली असतात. समोर मग एक साधं तळं उरतं आणि "यासाठी एवढं आलो?" असा चेहरा करून माणसं खाली येतात. देवरियातालला ताकद कमी लागते, वेळ मात्र नेमकी साधावी लागते. चढण दीड तासाची असली तरी तिच्यासाठी दोन दिवस मोकळे ठेवा. पुढचं सगळं नियोजन या एका गोष्टीभोवती करायचं आहे.

आधी महिना ठरवू. फेब्रुवारीपर्यंत वर बर्फ असू शकतो. बर्फ सुंदर दिसतो, पण ज्येष्ठांसाठी आणि नवख्यांसाठी ती वाट निसरडी होते. मार्चच्या अखेरीपासून एप्रिलभर बुरांश, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, फुलतो. सारीच्या वरची झाडं लालभडक होतात. फुलांसाठी जायचं तर हाच काळ. मे-जूनमध्ये शाळांना सुट्टी असते म्हणून आपल्याकडून सर्वाधिक लोक तेव्हा जातात, आणि मला तोच काळ सर्वांत कमी पसंत आहे. चारधाम यात्रेची सगळी वाहतूक त्याच रस्त्यावर असते, खोल्या महागतात. त्यात खालच्या जंगलांत वणवे लागले की धुरकट हवेत शिखरं पुसट होतात. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जाऊच नका. जंगलात जळवा असतात आणि ऋषिकेशहून येणाऱ्या रस्त्यावर दरडी कोसळतात.

सर्वांत चांगला काळ पाऊस संपल्यापासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंतचा. त्यातही मराठी कुटुंबांसाठी एक आठवडा अगदी बेतून दिल्यासारखा आहे. केदारनाथाचं मंदिर भाऊबीजेला हिवाळ्यासाठी बंद होतं. त्याच दिवशी पंचमुखी उत्सवमूर्ती डोलीत बसवून निघते, वाटेत रामपूर आणि गुप्तकाशीला मुक्काम करते आणि तिसऱ्या दिवशी उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात येते. पुढचे सहा महिने केदारनाथाची पूजा तिथेच होते. शाळांची दिवाळीची सुट्टी तेव्हा बहुधा शिल्लक असते, यात्रेची गर्दी ओसरलेली असते, हवा स्वच्छ असते. लक्ष्मीपूजन घरी करून निघालात तर डोली उखीमठला पोहोचताना तुम्हीही तिथे असू शकता. ज्या आजी-आजोबांना केदारनाथची चढण शक्य नाही, त्यांच्यासाठी याहून मोठी गोष्ट कोणती असेल?

आता प्रवास. मुंबईहून हरिद्वारला थेट रेल्वेगाड्या आहेत. दिल्लीमार्गेही सोयीचं पडतं. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी खुलं होतं, आणि दिवाळीच्या तारखांना ते पहिल्याच दिवशी करावं. विमानानं यायचं तर देहरादूनचा जॉली ग्रँट विमानतळ ऋषिकेशला जवळ आहे. पोहोचाल त्या दिवशी हरिद्वार किंवा ऋषिकेशला मुक्काम करा. रात्रभर प्रवास करून आल्यावर लगेच डोंगरी रस्त्याला लागू नका. वळणांनी मुलांना उलट्या होतात आणि मोठ्यांचं डोकं धरतं.

ऋषिकेश ते उखीमठ सुमारे 180 किलोमीटर. हा आकडा पाहून आपण चार तासांचा हिशेब करतो. धरायचे असतात सात ते आठ तास. पहाटे पाच-साडेपाचला निघा, म्हणजे उजेड असतानाच पोहोचाल. अंधार पडल्यावर या रस्त्यानं प्रवास करायचाच नाही, हा नियम चालकानं कितीही भरवसा दिला तरी मोडू नका. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा एकत्र येतात. तिथे रस्त्यावरून संगम दिसतो, दहा मिनिटं थांबावं. पुढे श्रीनगर, मग रुद्रप्रयाग. रुद्रप्रयागच्या अलीकडे गुलाबराय लागतं. शेकडो यात्रेकरूंना आणि गावकऱ्यांना वर्षानुवर्षं दहशतीत ठेवणारा नरभक्षक बिबट्या जिम कॉर्बेट यांनी 1926 मध्ये मारला, तो इथेच. रुद्रप्रयागला मंदाकिनी अलकनंदेला मिळते आणि आपला रस्ता मंदाकिनीच्या काठानं अगस्त्यमुनीवरून कुंडला जातो. कुंडला केदारनाथची वाहनं गुप्तकाशीकडे जातात, आपण उखीमठकडे चढायचं.

स्वतंत्र गाडी केली तर खर्च वाढतो, पण ज्येष्ठ बरोबर असतील तर तेच बरं. दोघं-तिघं तरुण असाल तर ऋषिकेशहून पहाटे सुटणारी बस घेऊन रुद्रप्रयाग गाठा, आणि तिथून वाटून भाडं घेणाऱ्या जीपनं उखीमठला या. या जीप दुपारनंतर कमी होतात, म्हणून पहाटेची बस चुकवू नका. रोख पैसे उखीमठला किंवा त्याआधीच काढून ठेवा. सारीत मोबाइलवरून पैसे देता येतील, या भरवशावर राहू नये. रेंज कधी असते, कधी नसते.

डोंगरातला पहिला मुक्काम उखीमठला करावा, असं मी आग्रहानं सांगेन. उखीमठ सुमारे 1,300 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या माथ्याएवढं उंच. एक रात्र इथे काढली की शरीर थंडीला आणि उंचीला सरावतं. गढवाल मंडळ विकास निगमचं विश्रामगृह इथे आहे, छोटी हॉटेलंही आहेत. संध्याकाळी ओंकारेश्वराच्या आरतीला जा. शंकराच्या पंचकेदार स्थानांतल्या मद्महेश्वराची हिवाळी गादीही याच मंदिरात असते. बाणासुराची कन्या उषा आणि कृष्णाचा नातू अनिरुद्ध यांचं लग्न इथे झालं आणि उषेवरून गावाला नाव पडलं, असं इथले लोक सांगतात. महाशिवरात्रीला केदारनाथाची दारं उघडण्याचा मुहूर्तही इथेच जाहीर होतो. केदारनाथला गेलेले असंख्य मराठी यात्रेकरू समोरच्या गुप्तकाशीला राहतात आणि मंदाकिनीच्या अलीकडच्या या गावाकडे वळतही नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी न्याहारी करून सारीला निघा. अंतर पंधराएक किलोमीटर आहे. चोपत्याच्या रस्त्यावरून डावीकडे फाटा फुटतो. सारी सुमारे 2,000 मीटरवर, पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांचं गाव. इथल्या बऱ्याच घरांत पाहुण्यांची राहण्या-जेवणाची सोय होते. हॉटेलपेक्षा अशा घरातच उतरा. जेवणात काय हवं असं विचारलं तर पनीर सांगू नका. मंडुव्याची रोटी, गहतची डाळ आणि झंगोऱ्याची खीर मागा. मंडुवा म्हणजे आपली नाचणी, गहत म्हणजे कुळीथ, आणि झंगोरा आपल्या वरीच्या जातकुळीतला. कोकणातल्या आजीला हे ताट परकं वाटणार नाही. यजमानांना "भैजी", बाईंना "दीदी" म्हणा. मोडक्या हिंदीनं काम भागतं.

आता दोन पर्याय आहेत. एक, त्याच दुपारी तीनच्या सुमारास चढायला लागायचं, सूर्यास्त वर पाहायचा आणि वरच मुक्काम करायचा. दुसरा, सारीत झोपायचं आणि पहाटे निघून सूर्योदयाला वर पोहोचायचं. पूर्वी तळ्याच्या अगदी काठावर तंबू लागायचे. 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली आणि तेव्हापासून नियम कडक झाले. म्हणून "तळ्याकाठी कॅम्प" असं सांगून कोणी आगाऊ पैसे मागत असेल तर आधी सारीतल्या माणसांकडून किंवा वनखात्याच्या चौकीवरून खात्री करून घ्या. माझा कौल दुसऱ्या पर्यायाला. नोव्हेंबरात वर रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो. गरम अंथरूण, घरचं जेवण आणि पहाटेची ताजी पावलं हे मुलांना आणि ज्येष्ठांना जास्त मानवतं. शिवाय तळ्यालाही रात्रीची वस्ती सोसत नाही.

पहाटे निघताना मात्र एकट्यानं निघू नका. हे जंगल केदारनाथ वन्यजीव अभयारण्याच्या परिसरातलं आहे. कस्तुरीमृगासाठी 1972 मध्ये हे अभयारण्य झालं. कस्तुरीमृग आपल्याला दिसणार नाही, तो फार उंचावर असतो. पण काळं अस्वल आणि बिबट्या या झाडीत आहेत. गावातला एखादा माणूस बरोबर घ्या, चार-पाच जण मिळून चला, आपसांत बोलत चला, प्रत्येकाकडे बॅटरी असू द्या. नोव्हेंबरात सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. साडेचारला निघालात तर सावकाश चालूनही उजाडताना वर असाल. वनखात्याचं प्रवेशशुल्क भरावं लागतं. चौकी पहाटे उघडी नसेल तर काय करायचं, ते आदल्या संध्याकाळीच यजमानांना विचारून ठेवा.

वाट चुकण्याजोगी नाही. दगड बसवलेली पायवाट गावातूनच चढते. थोडं वर गेल्यावर शंकराचं जुनं दगडी देऊळ लागतं, तिथे पहिला दम खावा. पुढे वळणावळणानं चढ. आतकरवाडीतून सिंहगड चढणाऱ्याला ही चढण सोपी वाटेल, कारण उंचीतला फरक सुमारे 400 मीटरचा आहे आणि सिंहगडावर त्याहून बराच जास्त चढावं लागतं. पण तुलना इथेच थांबते. कळसूबाई 1,646 मीटर, आपल्या राज्यातलं सर्वांत उंच शिखर. सारी गावच त्याच्याहून उंच आहे. तळ्यापाशी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश असतो. म्हणून सह्याद्रीत न लागणारी धाप इथे लागते. ती लागली तर घाबरायचं नाही, वेग कमी करायचा. चालताना बोलता आलं पाहिजे, एवढाच वेग ठेवा. गटातल्या सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. मागे ठेवलं की तो ओशाळतो, न थांबता चढत राहतो आणि थकतो.

विरळ हवेचा त्रास साधारणपणे 2,500 मीटरच्या वर सुरू होतो, त्यामुळे देवरियातालला त्याची भीती फारशी नाही. तरी हृदयविकार, दमा किंवा आवाक्यात नसलेला रक्तदाब असेल तर घरून निघण्याआधीच डॉक्टरांशी बोला. गुडघ्यांचा कस चढताना कमी आणि उतरताना जास्त लागतो. दगड दवानं ओले असतात. काठी दोन्ही वेळा हवीच. ती गावात मिळते. ज्यांना चालणं अगदीच अशक्य आहे त्यांच्यासाठी सारीत खेचर मिळतं का, हेही आदल्या दिवशी विचारा. तयारी म्हणून महिनाभर आधी रोज पाऊण तास भरभर चाला आणि आठवड्यातून दोनदा इमारतीचे जिने चढा-उतरा. एवढं पुरे.

कपड्यांबाबत एकच सांगतो, जाड स्वेटर एकच घेण्याऐवजी तीन पातळ थर घ्या. चढताना घाम येतो, थर काढता येतो. वर थांबल्यावर गार वारा लागतो, तेव्हा परत चढवता येतो. अंगालगत सुती बनियन नको, ते घामानं भिजून गारठवतं. कानटोपी, हातमोजे, वाऱ्यापासून वाचवणारं जाकीट आणि पावसाची एक पातळ कफनी पिशवीत असावी. बूट नवे नकोत. घरी पंधरा दिवस वापरलेले, तळाला खाचा असलेले हवेत. प्रत्येकी लिटरभर पाणी, गूळ-शेंगदाणे, एखादा लाडू. वाटेच्या कडेला बिच्छू घास उगवतं. त्याला हात लागला की त्वचेची आग होते, म्हणून मुलांना कडेची पानं तोडू देऊ नका.

वर पोहोचलात की लगेच फोटोंच्या मागे लागू नका. पाण्याच्या अलीकडच्या काठावर, चौखंब्याकडे तोंड करून बसा. सूर्य अजून खाली असतो तेव्हाच शिखराच्या टोकाला उजेड लागतो आणि मग तो हळूहळू खाली सरकतो. हा अर्धा तास या सगळ्या प्रवासाचं सार आहे. साधारण आठनंतर वारा सुटतो आणि पाणी हलायला लागतं. दहा-अकरापर्यंत ढग येऊ शकतात.

याच तळ्याला इंद्रसरोवर म्हणतात, देव इथे स्नानाला येत, अशी श्रद्धा आहे. पांडवांची कथाही इथलीच मानतात. महाभारतात ती द्वैतवनात घडते. हरणाच्या मागे धावून तहानलेले पांडव एका तळ्याशी येतात. नकुल, सहदेव, अर्जुन, भीम एकेक करून पाण्यापाशी जातात, यक्षाचा इशारा न जुमानता पाणी पितात आणि कोसळतात. युधिष्ठिर थांबतो, ऐकतो, उत्तरं देतो. एका भावाला जिवंत करतो म्हटल्यावर तो नकुलाला मागतो, कारण कुंतीचा एक मुलगा उरला आहे, तर माद्रीचाही उरावा. मुलांना ही गोष्ट घरी सांगू नका, तिथे काठावर बसून सांगा. यक्षाचे दोन-चार प्रश्न विचारा, त्यांची उत्तरं ऐका. पाण्याच्या काठी ती गोष्ट त्यांना जशी कळेल तशी पुस्तकातून कळणार नाही.

गावकऱ्यांच्या दृष्टीनं हे पाणी पवित्र आहे, हे पाहुण्यानं मनापासून पाळावं. तळ्यात उतरू नये, पाय बुडवू नयेत, भांडी धुऊ नयेत, साबण तर दूरच. हे तळं पावसाच्या आणि झऱ्यांच्या पाण्यावर जगतं, त्यातून वाहून जाणारी मोठी नदी नाही. म्हणून टाकलेली घाण तिथेच राहते. हार-फुलं आणि नारळाची प्लास्टिकची पिशवी पाण्यात सोडणाऱ्या भाविकांपैकी बरेच जण आपल्याच भागातले असतात, आणि ते थांबवणं आपलंच काम आहे. नमस्कार करा, रिकाम्या हातानं करा, तो पोहोचतो. काठावरच्या दुकानात चहा-मॅगी मिळते. त्याची वेष्टनं आपल्या पिशवीत घालून सारीपर्यंत परत आणा. मोबाइलवर गाणी लावू नका. मोनाल, म्हणजे उत्तराखंडचा राज्यपक्षी, आणि इतर पक्षी पहाटे याच झाडीत असतात. शांत राहिलात तर दिसण्याची आशा ठेवता येते.

तळ्यावरून चोपत्यापर्यंत जंगलातून रोहिणी बुग्यालमार्गे एक लांब वाट जाते. बांज, म्हणजे ओक, आणि बुरांशाच्या दाट रानातून पंधराएक किलोमीटर चालावं लागतं. ती सुरेख आहे, पण सोपी नाही. वाटाड्याशिवाय आणि ज्येष्ठांना घेऊन तिच्या वाटेला जाऊ नका. त्याऐवजी सारीत उतरून जेवा, दुपारी आराम करा आणि गाडीनं चोपत्याला जा. तिथून दुसऱ्या दिवशी तुंगनाथ करता येतं. पंचकेदारांतलं हे सर्वांत उंचावरचं देऊळ, चोपत्यापासून साधारण चार किलोमीटरची फरसबंद चढण. इथे उंचीचा परिणाम खऱ्या अर्थानं जाणवतो, म्हणून आधी देवरियाताल आणि मग तुंगनाथ, हाच क्रम ठेवा. दिवाळीनंतर जाणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. तुंगनाथाचं देऊळही हिवाळ्यासाठी बंद होतं आणि देव खाली मक्कूमठला येतात, त्यामुळे वर गेलात तरी कदाचित बंद दाराचंच दर्शन होईल. मक्कूमठ याच परिसरात आहे. गाडी तिकडे वळवा.

परतीचं आरक्षण करताना ऋषिकेश किंवा हरिद्वारला एक दिवस मोकळा ठेवा. दरड पडली, गाडी बिघडली, कोणाला ताप आला, तर हाच दिवस उपयोगी पडतो. उखीमठहून सकाळी निघून त्याच संध्याकाळची रेल्वे पकडायची, असा बेत करणाऱ्यांची गाडी श्रीनगरच्या आसपास वाहनांच्या रांगेत अडकते आणि घरच्यांचा रक्तदाब तिथेच वाढतो. काही झालं नाही, तर तो दिवस गंगेच्या काठी जाईल.